मागच्या सायकलवरचे उस्ताद

उस्तादांनी एकाही शर्यतीचा शेवट पाहिलेला नव्हता.

हे मी चेष्टेने सांगत नाही. सुरतेच्या बाहेर, हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला एक निवासी सैनिकी अकॅडमी होती. तिथल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणं शिकवलं. सांघिक शर्यतीची ढाल अकॅडमीप्रमुख कर्नलसाहेबांच्या ऑफिसात इतकी वर्षं टांगलेली होती की तिच्यामागच्या भिंतीचा रंग बाकी भिंतीपेक्षा वेगळा उरला होता. एवढं सगळं ज्यांनी मिळवून दिलं, त्यांनी कुणाला छातीने फीत तोडताना मात्र कधी पाहिलं नाही. त्या वेळी ते शेवटच्या मुलाच्या मागे, सायकलवर असायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मला नेमलं. मी नाशिकचा. प्रशिक्षणाची पदविका, दोन नवीन ट्रॅकसूट आणि गळ्यात स्टॉपवॉच एवढ्या भांडवलावर सुरतेत उतरलो होतो. मोठ्या माणसाच्या जागी जाऊन बसू नये असं आमची आई म्हणायची. खुर्ची आधीच्या माणसाने गरम केलेली असते आणि लोक सारखे तिकडेच बघत राहतात. ते खोटं नव्हतं, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. मुलं धावताना सारखी मान वळवून मागे बघत होती.

सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, आणि ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. मूळचे धुळे जिल्ह्यातले. घर डिंडोलीत, यंत्रमागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या वस्तीत. बुटके, काटक, मिशा पांढऱ्या आणि पँट त्याहून पांढरी. ती पांढरी ड्रिलची पँट हा त्यांचा एक मोठाच विषय होता. खाडीचा चिखल असो की पांडेसऱ्याकडून उडत आलेली मिलची काजळी, उस्तादांच्या पँटवर डाग दिसला असं कुणी शपथेवर सांगू शकत नव्हतं. बसायचे तर रुमाल अंथरून, उठले की रुमालाची घडी करून खिशात. मुलं म्हणायची की उस्ताद युद्धातसुद्धा आधी रुमाल अंथरून मग आडवे झाले असतील.

त्यांची मतं ठाम आणि बरीचशी चुकीची होती. केळ्यावर त्यांचा दात होता. खानदेशात जन्मलेल्या माणसाने केळ्याला नावं ठेवणं म्हणजे सुरतेच्या माणसाने तिथल्या घारी नावाच्या मिठाईला ठेवण्यासारखं, पण उस्ताद म्हणायचे, केळं खाल्लं की पाय झोपतात. मुलांच्या नाश्त्यातून त्यांनी केळी बंद करून टाकली होती आणि थंडीत स्वतःच्या हाताने पोंक आणून वाटायचे. भाजलेला कोवळा ज्वारीचा दाणा, वर लिंबू पिळलेली शेव. मुलांना पोंक आवडायचा म्हणून केळ्यांची बाजू कुणी घेतली नाही. शिट्टी ते वापरत नसत. शिट्टी पोलिसांची, असं त्यांचं म्हणणं. आणि घड्याळ तर मुळीच नाही. घड्याळ पहिल्याचं असतं, म्हणायचे. शेवटच्याला घड्याळ काय सांगणार?

शर्यत संपली की टाळ्या, फोटो, हारतुरे सगळं पहिल्या मुलाचं. उस्ताद मात्र सायकल झाडाला टेकवायचे आणि सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाचा हात धरून त्याला हातपंपावर न्यायचे. एका हाताने पंप मारायचा, दुसऱ्या हाताने मगाने त्याच्या डोक्यावर पाणी घालायचं. मग स्वतःच्या पंच्याने त्याचं डोकं पुसायचे. हा मान पहिल्या आलेल्याला कधी मिळाला नाही. त्यांच्या एका चांगल्या धावपटूने एकदा त्यासाठी मुद्दाम मागे राहून पाहिलं म्हणतात. उस्तादांनी त्याच्या श्वासावरून ओळखलं की गडी दमलेला नाही, सोंग करतोय. पाणी राहिलं बाजूला, त्याला सायकल खांद्यावर घेऊन अकॅडमीपर्यंत यावं लागलं. उस्ताद शेजारून चालत, रुमालाने वारा घेत.

वर्षातून आठ-दहा दिवस मात्र त्यांना पुढे राहावं लागायचं. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमारास सुरतेत रस्त्यावर पतंगाचा मांजा लोंबत असतो. धावणाऱ्याच्या गळ्याला तो लागला तर काही खरं नाही. म्हणून उस्ताद सायकलच्या हँडलला उभा बांबू बांधायचे आणि मुलांच्या पुढे राहून मांजा तोडत जायचे. त्या दिवसांत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. सारखे मागे वळून शेवटचा मुलगा दिसतोय का बघायचे. एका वर्षी असंच बघता बघता बांबूसकट खाडीच्या काठच्या गाळात गेले. मुलांनी ओढून बाहेर काढलं. पँटचं काय झालं ते मी संघाचा कप्तान भदाणे याला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, त्या दिवशी कुणी खाली बघितलंच नाही."

आमच्या शर्यतीचा नियम असा की आठ जण धावायचे आणि संघाची वेळ शेवटचा गडी पोहोचेल ती. पहिला कितीही लवकर येऊ दे, आठवा येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. पहिल्या येणाऱ्याला एक वेगळं पदक असायचं, पण ढाल आठ जणांची. शर्यत फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्याच रस्त्यावर होणार होती, आणि मला एका वर्षाच्या बोलीवर घेतलेलं. पण नोकरीची मला तितकी धास्ती नव्हती. नाशिकला परत जाऊन एखाद्या शाळेत पी. टी. शिकवली असती. मला त्या मुलांच्या वळणाऱ्या माना सहन होत नव्हत्या. मी समोर उभा आणि ती मागे कुणाला तरी शोधताहेत, हे रोज पहाटे बघायचं म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

मी शिकलो होतो तसा शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभा राहायचो. पुढची मुलं छान वेळेत यायची, आणि मग आम्ही सगळे रस्त्याकडे बघत ताटकळायचो. शेवटी हितेश यायचा. ओलपाडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, हाडापेराने मोठा, मनाने मऊ. तो यायचा ते रडवेला होऊन. उस्तादांच्या वेळी हाच हितेश सगळ्यांच्या पाठोपाठ असायचा. कर्नलसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि भिंतीवरच्या ढालीकडे एकदा बघून चहा मागवला. तो चहा मी अर्धाच ठेवून उठलो.

तेव्हा मी ठरवलं, आपणही मागे राहायचं. उस्ताद जाताना सायकल तिथेच ठेवून गेले होते. निरोप समारंभात ते भाषण करायला उभे राहिले, घसा खाकरला आणि खाली बसले. मग बाहेर येऊन सायकल माझ्या हातात देत म्हणाले होते, "मास्तर, ही घ्या. बाकी पोरं करतील." मला तो भावनेचा भाग वाटला होता. आता ती सायकल मी बाहेर काढली तर काय अवस्था! चेन गंजलेली, मडगार्ड एका बाजूने सुटलेलं, पायडल मारलं की सगळी सायकल रडल्यासारखी वाजायची. मला वाईट वाटलं. एवढ्या मानाच्या माणसाची सायकल, आणि हे हाल. मी ती उधन्याला एका मिस्त्रीकडे नेली. त्याने नवीन मडगार्ड बसवलं, बेअरिंग बदलली, तेलपाणी केलं, वर काळा रंगही दिला. परत येताना सायकल अशी लोण्यासारखी चालत होती की मी दोनदा खाली वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती मोठ्या दिमाखात मुलांसमोर आणली. मुलं सायकलकडे बघत राहिली आणि मग भदाणेने ओळ लावली. मला वाटलं, गहिवरली. पण धावायला लागल्यावर माना पूर्वीपेक्षा जास्त वळायला लागल्या. आता तर मी मागेच होतो, तरीही. हितेश तर दर विजेच्या खांबाला वळून बघायचा आणि म्हणायचा, "सर, छो ने?" मी आहे म्हणायचो. पुढच्या खांबाला परत तेच. पुढची मुलं कधी भलतीच लांब निघून जात, कधी उगाच रेंगाळत.

चौथ्या दिवशी मी भदाणेला बाजूला घेतलं. पोरगा पांडेसऱ्याचा, वडील डाइंग मिलमध्ये. मोजकं बोलणारा. मी विचारलं की मी मागे आहे, सायकल तीच आहे, मग अडतंय कुठे?

"सर, सायकल वाजत नाही," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पहाटेच्या शांततेत ती सायकल शेवटच्या मुलाच्या मागे वाजत यायची आणि आवाज पुढपर्यंत पोहोचायचा. आवाज बारीक झाला की पुढचे ओळखायचे, मागचा तुटतोय, आणि पाय आवरते घ्यायचे. जवळ आला की वेग वाढवायचे. मागे वळून बघायची गरजच नव्हती. शेवटच्याला तर तो आवाज पाठीवर हात ठेवल्यासारखा वाटायचा. आणि मधूनच उस्ताद हाळी द्यायचे, "धाव रे, मांगे मी शे ना!" ही अहिराणी गुजराती मुलांनाही कळायची, त्यांच्या 'छे'ची ती मावसबहीणच.

म्हणजे मी सायकलला तेल घालून उस्तादांची सगळी विद्या पुसून टाकली होती. मी त्याच दिवशी उधन्याला धावलो. मिस्त्रीने जुनं मडगार्ड भंगारात दिलेलं. सायकल परत वाजेल असं काही कर म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने परत फिरलो.

रविवारी डिंडोलीला उस्तादांच्या घरी गेलो. शेजारून मागांची खटखट येत होती. उस्ताद ओट्यावर रुमाल अंथरून बसले होते, पांढऱ्या पँटमध्ये. घरात असूनसुद्धा. मी वाकून नमस्कार केला आणि बसताच कबुली देऊन टाकली की सायकल दुरुस्त केली. मग विचारलं की ही आवाजाची पद्धत त्यांना सुचली कशी, फौजेत शिकवतात का.

उस्ताद माझ्याकडे बघतच राहिले. "कोणती पद्धत?"

मी भदाणेने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते इतके हसले की आतून काकू चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना कळेना, हा कोण पाहुणा आला आणि आपला माणूस का हसतोय. उस्तादांनी सांगितल्यावर त्याही हसायला लागल्या.

"पद्धत कशानी भाऊ," त्या मला म्हणाल्या, "तेल लावं का पँटले काळा डाग पडस. आन धोवानं कोनले? माले. मीच सांगेल होतं, त्या सायकलले तेल लावानं नही."

मी कपाळावर हात मारला. ज्या विद्येसाठी मी आठवडाभर झुरत होतो, ती काकूंच्या धुण्यातून निघाली होती. उस्तादांना स्वतःला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. सायकल वाजत राहिली आणि मुलांनी आपली आपण तिच्यातून भाषा बनवली. उस्तादांना याचं मात्र भारी कौतुक वाटलं. पोरं लय हुशार होती, असं ते दोन-तीनदा म्हणाले.

चहा झाला. मी विचारलं की मग ते मागे का राहायचे, हे तरी ठरवून होतं का. हसणं थांबलं. त्यांनी कप बशीत ठेवला, बशी रुमालावर ठेवली.

"नवीन भरती होतो मी," ते म्हणाले. "डोंगरात मार्च होता. माझे पाय गेले. सगळे पुढे निघून गेले. मी मांगे वळून पाहिलं, मांगे कोणीच नव्हतं. नुसता रस्ता. मास्तर, पुढे कोणी नसलं तरी चालतं. मांगे कोणी नसलं ना, तर माणसाचा पाय उचलत नही."

काकू पदराने ओटा झटकत होत्या, त्या थांबल्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी म्हटलं की सायकलला मागे एखादा पत्र्याचा डबा बांधून बघतो.

"डबा कशाला?" उस्ताद पुन्हा मूळच्या खट्याळपणावर आले. "सायकल वाजत नही ना? मग तुम्ही वाजा."

आता मी वाजायचं म्हणजे काय करायचं? गाणं मला येत नाही. मी शाळेत प्रार्थनेला उभा राहिलो की बाई मला फक्त ओठ हलवायला सांगायच्या. मला मोठ्याने म्हणता येतील अशा गोष्टी जगात एकाच प्रकारच्या होत्या. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी रोज सकाळी अंगणात उभं करून पाढे म्हणवून घेतले होते, तीसपर्यंत, खड्या आवाजात. तेव्हा सोमवारी पहाटे हजीऱ्याच्या रस्त्यावर, तेलपाणी केलेल्या मऊ सायकलवर बसून मी बाराच्या पाढ्याने सुरुवात केली.

मुलं इतकी हसली की त्या दिवशी धावणं झालंच नाही. दुधाच्या कॅन घेऊन जाणाऱ्या एका काकांनी सायकल थांबवून काळजीने विचारलं की साहेबांना बरं आहे ना. पण दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं, आणि आठवड्याभरात मुलं पाढ्यावर पाय टाकायला लागली. सतरा-अठराचा पाढा बारीक ऐकू आला की पुढे भदाणे हात वर करायचा आणि सगळे आवरते घ्यायचे. हितेशला तर मराठी पाढे पाठ व्हायला लागले. आणि एका पहाटे माझ्या ध्यानात आलं की किती तरी वेळात कुणाची मान वळलेली नाही. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या, सरळ. मी एकोणीसचा पाढा अर्ध्यावर विसरलो. इतका आनंद मला पदविका मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी मी उस्तादांना आग्रहाने बोलावलं. म्हटलं, आज तुम्ही शेवटच्या रेषेवर बसायचं. आयुष्यात एकदा तरी शर्यत संपताना बघा. कर्नलसाहेबांनी त्यांना मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची दिली. उस्तादांनी खुर्चीवर आधी रुमाल अंथरला. मी सायकल घेऊन सुरुवातीच्या जागेकडे गेलो. प्रशिक्षकाला मागून यायची मुभा होती, पुढे जायची नव्हती.

सुरुवात बरी झाली. मी तेराच्या पाढ्याने हळूहळू वर चढत गेलो. इतर संघांचे प्रशिक्षक जीपमध्ये होते, ते माझ्याकडे बघून आपसात काही तरी बोलले. बोलोत. परतीच्या रस्त्यावर मात्र वारा समोरून आला आणि हितेशचे पाय जड पडायला लागले. त्याच्यात आणि पुढच्यात अंतर पडायला लागलं. पुढे भदाणेचा हात वर गेलेला मला दिसला. सगळे आवरते घेत होते आणि दुसऱ्या एका अकॅडमीची मुलं त्यांच्या बाजूने निघून चालली होती. एकोणतीसच्या पाढ्याला मी अडखळलो.

"एकोणतीस आठे दोनशे बावीस," मी म्हणालो.

"बसो बत्रीस, सर," हितेश धापा टाकत म्हणाला.

दोनशे बत्तीस. मी चमकलो. ज्याच्याजवळ माझा पाढा दुरुस्त करायला श्वास आहे, त्याच्याजवळ धावायलाही असलाच पाहिजे. उस्तादांनी सोंगाड्याला श्वासावरून ओळखलं होतं ना? इथे सोंग नव्हतं. पोरगं घाबरलं होतं, एवढंच. मी सायकल त्याच्या अगदी मागे घेतली आणि नाशिकचा असूनही, कुठून आलं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "धाव रे, मांगे मी शे ना!"

हितेश हसला. हसत हसत धावायला लागला. मी तीसचा पाढा बेंबीच्या देठापासून सुरू केला आणि पुढे आवाज जवळ आलेला ऐकून सातही जणांनी पाय सोडले.

शेवट मी पाहिला नाही; समोरच्या वाऱ्यात माझी सायकल रेटेना आणि हितेश मला मागे टाकून वळणाआड गेला. वळणाच्या पलीकडून आधी एक आरडाओरडा ऐकू आला, मग जरा वेळाने दुसरा, त्याहून मोठा. मी वळणावरून बाहेर येईपर्यंत हितेश रेषेपलीकडे जाऊन भदाणेच्या गळ्यात पडला होता आणि आमची मुलं एकमेकांना उचलत होती. ढाल भिंतीवरच राहणार होती. कर्नलसाहेबांनी माझा हात दाबला. मी घाईने उस्तादांना शोधत मांडवात गेलो. खुर्ची रिकामी होती, रुमाल तसाच. ते मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते, फितीकडे पाठ करून.

"उस्ताद, पाहिलंत ना? पहिला कोण आला?" मी विचारलं. गर्दीत मला अजून कळलेलं नव्हतं.

"कोण जाणे, मास्तर. मी तर मांगेच देखत होतो. तुम्ही दिसत नव्हते ना."

मी हितेशला हाक मारली. आता त्याच्या डोक्यावर पाणी घालायचं काम माझं होतं. पण उस्तादांनी त्याला हाताने थांबवलं आणि माझं मनगट धरलं. मला काही कळायच्या आत मी हातपंपाखाली होतो. एका हाताने पंप, दुसऱ्या हाताने मग. थंडगार पाणी मानेवरून ट्रॅकसूटच्या आत गेलं.

"उस्ताद, मी कशाला? मी धावलोच नाही," मी कसाबसा म्हणालो.

"शेवटी कोण आलं?" त्यांनी विचारलं आणि आणखी एक मग घातला.

मुलं भोवती जमून टाळ्या वाजवत होती. पंपाच्या चिखलाचे शिंतोडे उस्तादांच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत उडाले होते. त्यांनी खाली बघितलं नाही. पंचा काढला आणि माझं डोकं पुसायला लागले.